वही आणि तिळाचे लाडू

त्याचं रशियातून आलेलं पहिलं पत्र मी दोन दिवस उघडलंच नाही. रेडिओच्या मागं खोचून ठेवलं आणि येता-जाता त्याच्याकडे बघत राहिलो. पाकिटावर तिकडची तिकिटं, तिकडचा शिक्का, आणि माझं नाव त्यानं हौसेनं रशियन अक्षरांत लिहिलेलं. खाली इंग्रजीत पत्ता, संत तुकारामनगर, पिंपरी. आई म्हणाली, "अरे, उघड तरी. एवढ्या लांबून आलंय." मी म्हटलं, "उघडतो, घाई काय आहे?" आत काय असणार ते मला ठाऊक होतं. बर्फ असणार, मोठमोठ्या इमारती असणार, आणि 'तू असतास तर मजा आली असती' असं एक वाक्य असणार. ते वाक्य वाचून माझं टाळकंच सटकलं असतं.

खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. आम्ही दोघं एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर, एकाच वहीतून रशियन शिकलो आणि विमानात बसला तो. मोशीच्या कांद्याच्या वावरातून उठून थेट रशिया! आणि वर्गातल्या बाई ज्याला "तुझा उच्चार बघ किती स्वच्छ" म्हणायच्या तो मी मात्र रोज सकाळी पहिल्या शिफ्टला सायकल हाणतोय.

सत्तरच्या आगेमागेची गोष्ट आहे. आमच्या कारखान्यात दातेरी चाकं कापायचं एक रशियन मशीन होतं. हिरवं, अवाढव्य, आणि त्याच्यावरच्या सगळ्या पाट्या रशियनमध्ये. त्या मशीनवर एका शिफ्टला मी आणि दुसऱ्या शिफ्टला तो. आठवडा संपला की उलट. अशा माणसाला आमच्याकडे जोडीदार म्हणतात. जोडीदाराची गाठ दिवसातून पंधरा मिनिटं पडते, साडेतीनच्या भोंग्याच्या आगेमागे. कुठलं हत्यार बदललं, तेल किती आहे, कुठला जॉब पुन्हा तपासायचा एवढं सांगायचं, मग एकानं हात धुवायचे आणि दुसऱ्यानं बाह्या सरसावायच्या. त्या पंधरा मिनिटांत माणूस जितका कळतो तितका शेजारी राहूनसुद्धा कळत नाही.

एकदा पाटी न कळल्यामुळं मी भलताच दांडा ओढला आणि फोरमनच्या शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी जोडीदार म्हणाला, "ह्ये काय खरं न्हाई राव. आपुन ही भाषाच शिकू." मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्यानं चौकशीसुद्धा करून ठेवली होती. पुण्यात एक बाई संध्याकाळी सहा वाजता रशियन शिकवत. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आता दुसऱ्या शिफ्टचा माणूस सहा वाजता मशीनवर उभा असणार, म्हणजे ज्याची पहिली शिफ्ट त्यानंच जायचं. एक आठवडा मी, एक आठवडा तो. बाईंना ते आधी पटेना. "अर्धं अर्धं शिकून भाषा येते का कुणाला?" म्हणाल्या. जोडीदार म्हणाला, "बाई, मशीन अर्धं अर्धं चालवतो, तरी गिअर आख्खा पडतो." बाई हसल्या आणि आमची नावं घातली.

मग वही आली. दोनशे पानी, तपकिरी पुठ्ठ्याची. जो वर्गाला जाईल त्यानं धडा लिहून आणायचा, रशियन शब्द आपल्या अक्षरांत, समोर मराठी अर्थ, आणि दुसऱ्या दिवशी साडेतीनला मशीनपाशी जोडीदाराच्या हातात द्यायचा. त्यानं तो वाचायचा, अडलं तर विचारायचं आणि पुढच्या दिवशी वही परत. तेलाचे डाग पडू नयेत म्हणून ती आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवत असू. माझी पानं बघण्यासारखी असायची, सांगतो. समास आखलेले, शब्दांखाली लाल रेघ. 'रस्ता सांगणे' हा धडा माझ्या आठवड्यात आला तेव्हा मी त्याच्यासाठी चक्क नकाशा काढला होता. मोशीतलं त्याचं घर, इंद्रायणी, भोसरीचा रस्ता, आमच्या गेटापर्यंत. नदीला रेका, पुलाला मोस्त, डावीकडे नालेवा. त्याच्या रोजच्या वाटेवर मी त्याला रशियन शिकवलं. तो इतका खूश झाला की दोन दिवस "नालेवा, नालेवा" म्हणत सायकल वळवत होता.

त्याची पानं म्हणजे आनंद होता. कोंबडीनं पाय ओढल्यासारखं अक्षर, एक ओळ वर जाते, एक खाली. मराठीसुद्धा त्याच्या बोलण्यातलंच लिहायचा. मी ती नुसती वरवर चाळायचो. आमच्या घरात मॅट्रिकला संस्कृत घेणारा मी पहिला. माझ्या वडिलांनी कॉलनीभर सांगितलं होतं की पोरगं रशियन बोलतं. त्याच्याकडून मला शिकायची वेळ येईल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

माणूस म्हणून मात्र तो मला फार आवडायचा, हेही सांगितलं पाहिजे. आम्ही बौद्ध, मराठवाड्यातून कारखान्यांच्या मागं आलेले. तेव्हा गावाकडची पोरं कारखान्यात खांद्याला खांदा लावायची, पण घरी ये म्हटलं की काहीतरी काम निघायचं. हा पहिल्यांदा आला तो सरळ आत शिरून पत्र्याच्या ट्रंकेवर बसला आणि आईला म्हणाला, "मावशी, च्या टाका, गूळ असला तर गुळाचा." बशीत ओतून फुर्र करून प्यायला आणि वर आणखी मागितला. आई त्या दिवशी संध्याकाळभर गुणगुणत होती.

दोन वर्षांनी बाईंनीच सांगितलं की तरुण कामगारांना तिकडे पाच-सहा वर्षं शिकायला न्यायची एक योजना आहे. पहिलं वर्ष नुसती भाषा, मग इंजिनिअरिंग. आमच्या वर्गातून एकालाच जागा. एका रविवारी पुण्यात तोंडी परीक्षा झाली. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या. एक उचलायची आणि त्यावर असेल त्याबद्दल बोलायचं, ही रशियन लोकांची पद्धत.

आधी तो आत गेला. त्याच्या चिठ्ठीवर होतं, घरापासून कामापर्यंतचा रस्ता सांगा. दाराच्या फटीतून मला सगळं ऐकू येत होतं. माझा नकाशा! रेका, मोस्त, नालेवा, माझाच धडा तो घडाघडा म्हणत होता, आणि परीक्षा घेणारे रशियन साहेब हसून मान डोलवत होते. मग मी गेलो. माझ्या चिठ्ठीवर होतं, तुमच्या घरी पाहुणा आला आहे, काय काय होतं ते सांगा. मी उभाच. 'या', 'बसा', 'चहा' एवढं सुचलं. पाहुण्याला बसवलं आणि पुढं त्याचं काय करायचं ते मला येईना. घामानं सदरा पाठीला चिकटला. बाईंनी मान खाली घातली होती.

बाहेर येऊन मी त्याला धरलं. "पाहुण्यांचा धडा कधी झाला?"

"झाला की, राव. माज्या आठवड्यात. वहीत हाय."

"नाही. असता तर मला आला असता."

"अरं, हाय. म्या सोता लिवलाय."

"लपवलास तू!" मी ओरडलो. "माझं शिकून घेतलंस आणि तुझं दाबून ठेवलंस!"

तो बसथांब्याकडे चालू लागला. वही माझ्याच घरी होती. उघडून बघायला कितीसा वेळ लागला असता? पण निकाल लागला, त्याचं नाव आलं, आणि मी वही माळ्यावर भिरकावली. तो निरोप घ्यायला आला तेव्हा मी घरात असून आईला 'नाही' म्हणायला सांगितलं. बाहेरून त्याचा आवाज ऐकू आला. "मावशी, वही त्याच्याकडंच ऱ्हाऊ द्या. फुडच्या वर्षी त्यो परीक्षेला बसंल तवा लागंल." मी आत दात खात बसलो होतो. मोठा आलाय दानशूर, असं मला वाटलं.

तर ते पत्र. तिसऱ्या दिवशी उघडलं. बर्फ होता, पण मला वाटला तसा नव्हता. लिहिलं होतं: "राव, हितं आल्यापासून मी मुका झालोय. हितल्या बाई पैल्या तासापासनं रशियनशिवाय एक अक्षर बोलत न्हाईत. समदे हसले की मी हसतो. खोलीत एक व्हिएतनामचा हाय, एक क्युबाचा. दोगंबी चांगले हायत, पर बोलणार काय? काळा आंबट पाव खातो आन् गप निजतो. दुकानात मीठ मागायचं तर हातानं खुणा करतो. डिक्शनरी दिलीय, पर ती रशियनवरनं इंग्रजी. मला इंग्रजी कुठं येतं? मराठीतनं रशियन शिकवनारी सगळ्या दुनियेत एकच वही हाय. ती धाड. जानेवारीच्या शेवटाला परीक्षा हाय, हितं बी चिठ्ठ्या उचलायच्यात. नापास झालो तर घरी धाडत्यात."

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हटलं, नाटकं! रशियात बसून रडतोय! मला न्या म्हणावं, मी मीठ मागून दाखवतो. आणि मग, अगदी शांतपणे, मनात आलं की तो नापास झाला तर घरी येईल. हा विचार मी हाकलला नाही. त्याला बसायला जागा दिली. उत्तर लिहिलं, 'वही सापडत नाही, शोधतो.' वही माझ्या डोक्यावर हातभर उंचीवर होती.

दिवाळीत दुसरं पत्र आलं, डिसेंबरात तिसरं. तिसऱ्यात त्यानं वहीशिवाय काही लिहिलंच नव्हतं. मी उत्तरं दिली नाहीत. त्याच्या जागी बदली कामगार आला होता, साडेतीनला धड काही सांगायचा नाही, आणि त्याचाही राग मी जोडीदारावरच काढायचो.

संक्रांतीच्या आठवडाभर आधी त्याची आई आमच्या दारात उभी राहिली. मोशीहून भोसरीपर्यंत चालत, पुढं बसनं. डोक्यावरचा पदर, हातात फडक्यात बांधलेला डबा. आईनं तिला चहा दिला. तिनं घेतला, तसाच बशीत ओतून. मग मला म्हणाली, "पोरा, त्याची चिठ्ठी मास्तरानं वाचून दावली. जोडीदार वही धाडनार हाय, मंग समदं नीट व्हईल, आसं लिवलंय. धाडलीस न्हवं?"

त्यानं घरी असं लिहिलं होतं. माझी तक्रार केली नव्हती.

"दिवाळीतच धाडली, मावशी," मी म्हणालो.

"व्हय? मंग घावली आसंल आता." तिच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते मला बघवेना. तिनं डबा पुढं केला. "ह्ये तिळाचं लाडू. वही गेली म्हंतोस, तर ह्ये मागनं धाड. मला काय त्ये टपाल कळत न्हाई. सणाला त्याच्या तोंडात पडू दे." आणि जाताना माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

ती गेल्यावर मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून वही काढली. धूळ झटकून उघडली. पाहुण्यांचा धडा होता. सहा पानांचा होता. त्या वाकड्यातिकड्या अक्षरात वर लिहिलं होतं, 'जोडीदाराच्या घरी पावना येतो.' खाली आमचं घर होतं. दोन खोल्या, पत्र्याची ट्रंक. पाहुणा ट्रंकेवर बसतो. जोडीदाराची आई गुळाचा चहा टाकते. पाहुणा आणखी मागतो. आईला राग येत नाही. जोडीदाराचे वडील पाहुण्याला नोकरीचं विचारतात. प्रत्येक वाक्य रशियनमध्ये, समोर अर्थ. मी त्याच्यासाठी त्याचा रस्ता लिहिला होता, त्यानं माझ्यासाठी माझं घर लिहिलं होतं, आणि पाहुणा तो स्वतः होता. शेवटी कोपऱ्यात लिहिलं होतं, 'समजलं न्हाई तर उद्या मशीनवर इचार.' मी विचारलं नव्हतं. मी ते पानच उलटलं नव्हतं.

मी रडलो. आई बघत होती तरी रडलो. दुसऱ्या दिवशी आईनं मांजरपाटाच्या कापडात वही आणि लाडवांचा डबा एकत्र शिवून दिला, मी लाखेचे ठिपके दिले आणि पत्ता रशियन अक्षरांत लिहिला. तेव्हासुद्धा अक्षर सुबक यावं म्हणून दोनदा लिहिला. विमानानं पाठवलं. पोस्टातले बाबू म्हणाले, महिना-दीड महिना तरी धरा.

मार्चमध्ये तो परत आला. नापास. खबर मला बदली कामगाराकडून कळली, आणि पहिल्या क्षणाला मला आनंद झाला. हो, झाला. लाडवांवर आणि त्या सहा पानांवर रडून झाल्यावरसुद्धा झाला. त्याची जागा फोरमननं राखून ठेवली होती. साडेतीनला तो समोर आला. गोरा पडला होता, वाळला होता. मला वाटलं, आता कॉलर धरणार. त्यानं मला मिठी मारली. "तुजा काय दोस, राव? आयनं सांगितलं, दिवाळीतच धाडलीवतीस. टपालात गहाळ झाली. माजं नशीबच फुटकं." आणि माझी पाठ थोपटली. माझी! मी मान हलवली. म्हणालो, "तेल कमी आहे, बघून घे," आणि हात धुवायला गेलो.

पुढचे दोन महिने मला त्याच्यासारखा मित्र नव्हता. तिकडच्या गमती सांगायचा, सायकलवरून घरी यायचा, ट्रंकेवर बसून चहा मागायचा. आईची आणि माझी नजर भेटली की आई खाली बघायची.

मेमध्ये एका दुपारी पोस्टमननं ते गाठोडं आमच्या दारात टाकलं. लाखेचे ठिपके फुटलेले, माझ्या सुबक पत्त्यावर आडवी रेघ मारलेली. माणूस तिथून गेलेला, म्हणून परत. मी दुसऱ्या शिफ्टला होतो. वाटलं, आता सांगून टाकावं. वही तर त्याचीही आहे, त्याला देऊन टाकावी, अर्धीमुर्धी खरी गोष्ट सांगावी. गाठोडं सायकलला लावलं आणि सव्वातीनला मशीनपाशी त्याच्या हातात दिलं. "बघ, आली परत," म्हणालो. "टपालवाल्यांनी कुठं कुठं फिरवली कुणास ठाऊक."

"आली?" तो लहान पोरासारखा हरखला. खिशातल्या पात्यानं त्यानं टाके उसवले. वही निघाली. तिच्यामागून डबा निघाला. झाकण काढून त्यानं आत बघितलं. लाडू दगडासारखे झालेले. त्यानं एक उचलला, ओळखला. त्याच्या आईच्या हातचे लाडू त्याला ओळखू येणारच.

"ह्ये संक्रांतीचं," तो म्हणाला.

मी मशीनचं तेल बघायला वाकलो.

"वही तर दिवाळीत गेलीवती. आय म्हनाली, लाडू मागनं दिले." त्यानं वहीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, उसवलेल्या टाक्यांकडे बघितलं. "दोनीबी एकाच गाठोड्यात कशी?"

साडेतीनचा भोंगा झाला. पहिल्या शिफ्टची माणसं आमच्या बाजूनं निघून चालली. मला काहीतरी बोलायचं होतं, पण पाहुण्याला बसवल्यावर पुढं काय ते जसं त्या रविवारी सुचलं नव्हतं, तसंच झालं. त्यानं वही पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली. डबा स्वतःकडे ठेवला. मग रोजच्या आवाजात म्हणाला, "हत्यार बदललंय. चौथा जॉब पुन्ना तपास." आणि गेला.

त्या आठवड्याच्या शेवटी त्यानं फोरमनला सांगून जोडी बदलून घेतली. कारण काय दिलं ते फोरमननं मला कधी सांगितलं नाही. तो पलीकडच्या रांगेतल्या लेथवर गेला, माझ्याच शिफ्टला. त्याचा नवा जोडीदार चाकणकडचा, नुकता लागलेला, रशियनचा र न कळणारा. आमची पहिली शिफ्ट असली की रोज सव्वातीनला तो नवा यायचा, आणि माझा जोडीदार त्याला काम समजावून सांगायचा. पाच मिनिटांचं काम, पण पंधरा मिनिटं उभे राहायचे. कधी तो त्या नव्याच्या खांद्यावर हात टाकायचा, कधी दोघं मोठ्यानं हसायचे. मशीन पुसायचं निमित्त करून मी तिकडे बघत उभा राहायचो. रशियाला तो गेला तेव्हा जळलो होतो, त्याच्या दुप्पट जळायचो.